बाद धाव आणि पटाचा न्याय

विदर्भात बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या व जंगलाच्या मुलखात, धानाची कापणी-मळणी उरकली की गावोगावी पट भरतो, दिवसा जोड्या धावतात आणि रात्री त्याच गावात मंडप टाकून नाटक रंगते. या पटाविषयी गेल्या दीड दशकात जो वाद झाला, तो बैल पळवावा की पळवू नये या एकाच प्रश्नाभोवती फिरला. केंद्र सरकारने 2011 मध्ये बैलाचा समावेश खेळ-प्रदर्शनास बंदी असलेल्या प्राण्यांत केला, सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी या शर्यतींवर बंदी आणली, महाराष्ट्राने 2017 मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना सशर्त मुभा मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. पट भरवण्याचा हक्क असा शाबूत राहिला. पण पटात धावणाऱ्याला न्याय मिळतो की नाही, हा प्रश्न या सगळ्या वर्षांत कोणी गांभीर्याने विचारलाच नाही. त्यातही सर्वांत नाजूक जागा आहे ती बाद धावेची, म्हणजे पंचांनी काही कारणाने रद्द ठरवून पुन्हा घ्यायला लावलेल्या धावेची.

या बाबतीत पूर्वपक्ष साधारणपणे असा मांडला जातो की धाव बाद करणे हा सुरक्षेचा निर्णय आहे आणि सुरक्षेच्या निर्णयावर शंका घेणे म्हणजे माणसाच्या व जनावराच्या जिवाशी खेळणे होय. यातील पहिला भाग निःसंशय खरा आहे. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना माणसे दाटलेली असतात, एखादे पोर दोराखालून पुढे येते, एखादा बैल ढोलाच्या आवाजाने बुजून बाजूला ओढतो, आणि अशा वेळी जोड्या सोडू नयेत किंवा सुटलेली धाव गृहीत धरू नये, यावर दुमत होण्याचे कारण नाही. मात्र थांबवण्याचा अधिकार आणि थांबवल्यानंतर कोणाचे काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पूर्वपक्ष त्या एकच समजून चालतो. अबुधाबी येथे 12 डिसेंबर 2021 रोजी झालेल्या फॉर्म्युला वन स्पर्धेत एक मोटार अपघातात सापडल्यावर सुरक्षा-मोटार आणण्याला कोणाचाच आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो मागे पडलेल्या सर्व मोटारींऐवजी केवळ पाच मोटारींना पुढे जाऊ देऊन शेवटच्या फेरीसाठी शर्यत पुन्हा खुली करण्याला. विश्वविजेतेपद त्या एका फेरीत हॅमिल्टन या चालकाकडून व्हर्स्टापेन या चालकाकडे गेले, आणि नियामक संस्थेने नंतर मानवी चूक झाल्याचे मान्य करूनही निकाल कायम ठेवला.

अमेरिकेतील नॅसकार ही मोटारशर्यतींची संघटना या वादाचे जुने आगर आहे. तेथे धावमार्गावर धोका दिसला की पिवळे निशाण दाखवतात, सर्व मोटारी एका मार्गदर्शक मोटारीमागे गोळा होतात आणि आघाडीवरच्या चालकाने कमावलेले अंतर एका क्षणात पुसले जाते. कचरा पडल्याचे कारण सांगून पिवळे निशाण दाखवायचे आणि तो कचरा प्रेक्षकांना कधी दिसायचाच नाही, अशी तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली; 2007 मध्ये टोनी स्टुअर्ट या नामांकित चालकाने तर या निशाणांची तुलना उघडपणे ठरवून खेळल्या जाणाऱ्या कुस्त्यांशी केली. त्याहून बोलके प्रकरण 2013 च्या सप्टेंबरमधील रिचमंडच्या शर्यतीचे आहे. तेथे शेवटच्या सात फेऱ्या उरल्या असताना एका चालकाची मोटार गरकन फिरली, पिवळे निशाण पडले, त्याचा लाभ त्याच संघातील दुसऱ्या चालकाला झाला, आणि संघटनेने चौकशी करून त्या संघाला तीन लाख डॉलरचा दंड ठोठावला व लाभ मिळालेल्या चालकाला अंतिम टप्प्यातून बाहेर काढले. थांबा पंचांच्या हातात असतो हे खरे, परंतु तो घडवून आणणे स्पर्धकाच्या हातात असू शकते. ज्या पटात बुजलेल्या जोडीला बिनशर्त दुसरी संधी मिळते, तेथे हरत असलेल्या जोडीच्या माणसाला दोराखालून पट्टीवर शिरण्याचे आमिष नियमच दाखवतो.

पंच गावातले जाणते असतात, त्यांचा शब्द अंतिम असतो आणि लेखी नियमांनी त्यांचा मान कमी होतो, असाही एक युक्तिवाद आहे. पंचांविषयीचा आदर झाडीपट्टीत आजही शिल्लक आहे आणि तो टिकावा. पण शब्द अंतिम असणे वेगळे आणि तो न्याय्य असणे वेगळे. नॅसकारमध्येही पिवळे निशाण पडल्यावर रेषेपर्यंत एकमेकांना ओलांडू नये हा बराच काळ केवळ चालकांमधला सभ्य संकेत होता. 2003 च्या सप्टेंबरमध्ये न्यू हॅम्पशायरच्या शर्यतीत एक चालक बंद पडलेल्या मोटारीत मार्गाच्या मधोमध अडकलेला असताना इतर मोटारी वेगाने त्याच्या बाजूने गेल्या, आणि मग निशाण पडताक्षणी क्रम गोठवण्याचा नियम करण्यात आला. लेखी नियम असला तर पंचावर पक्षपाताचा आळ येत नाही. त्याने निर्णय दिला एवढेच नव्हे, तर नियम पाळला, असे त्याला सांगता येते.

दिवसभरात अन्याय इकडचा तिकडे होऊन बरोबरी साधते, हे म्हणणे तर जोड-बाद पद्धतीत मुळीच टिकत नाही, कारण दोन जोड्या शेजारीशेजारी सोडून हरलेली घरी पाठवण्याच्या या पद्धतीत बाहेर पडलेल्या जोडीला भरपाईसाठी पुढची धाव नसते, आणि सारा मामला काही सेकंदांचा असतो.

येथे मोटार आणि बैल यांतील फरक निर्णायक ठरतो. मोटार पुन्हा पळवली तर इंधन जळते. बैल पुन्हा पळवला तर बैलच झिजतो. जी जोडी सुटण्याचे निशाण पडल्यावर सरळ धावून रेषा ओलांडून गेली, तिचे बैल परतताना नाकपुड्या फुलवून श्वास घेत असतात, कुशी वरखाली होत असतात, तोंडाला फेस आलेला असतो, धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, कासरा आखडून त्यांना सावकाश फिरवत असतो; आणि शेजारची जोडी बुजून मध्येच उभी राहिल्यामुळे तिचे बैल त्या मानाने ताजे असतात. दोघांनाही पुन्हा सोडा, असे पंच म्हणतात तेव्हा वरकरणी समान वाटणारा हा निर्णय चोख धावलेल्या जोडीला शिक्षा आणि चुकलेल्या जोडीला विश्रांती देतो. राज्याच्या दुरुस्तीने बैलाला यातना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे, शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी बंधनकारक केली आहे; परंतु विनाकारण घेतलेली दुसरी धाव हीदेखील जनावरावरची जबरदस्ती आहे, हे पट भरवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. विदर्भात अनेक पट घड्याळावर, जोडीने घेतलेल्या सेकंदांवर, ठरतात. घड्याळ एकटे न्याय देत नाही, कारण धाव बाद का केली हे ते सांगत नाही; पण जोड-बाद पटातही ते लावले, तर चोख धावलेल्या जोडीची वेळ कायम धरून अडथळा आलेल्या जोडीलाच पुरेशा विश्रांतीनंतर त्या वेळेशी एकटे धावू देता येते. अडथळा त्या जोडीच्याच माणसाने आणला असेल, तर तिला दुसरी धाव मुळीच नको. पहिली जोडी सुटण्याआधी धाव कोणकोणत्या कारणांनी बाद होईल हे ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावे, बाद केलेल्या प्रत्येक धावेचे कारण नोंदवहीत पंचांच्या सहीने लिहावे, आणि ज्या पंचाची किंवा त्याच्या सोयऱ्याची जोडी पटात उतरली आहे त्याने त्या धावेपुरते बाजूला बसावे. आधी जाहीर केलेल्या थांब्याविषयी संशय उरत नाही, याचा दाखला नॅसकारनेच 2017 पासून दिला आहे. शर्यतीचे टप्पे पाडून त्यांच्या शेवटी पिवळे निशाण पडणार हे तेथे आधीच ठरलेले असते, आणि त्या थांब्यावर पद्धत म्हणून टीका झाली तरी तो अमक्यासाठी पाडला असे म्हणायला कोणाला जागा राहिली नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी, वडसा या पट्ट्यातील आयोजकांनी ही कलमे परवानगीच्या अर्जालाच जोडली, तर जिल्हाधिकारी कार्यालयाला ती अटींत घेण्यास कोणतीच अडचण दिसत नाही.