पानशेतच्या आठवणीआड दडलेली पूररेषा (धागा)

१/ पुण्याच्या सार्वजनिक स्मृतीत पुराची एकच तारीख आहे : १२ जुलै १९६१. त्या सकाळी काम पूर्ण न झालेले पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे एकोणिसाव्या शतकातील धरण गेले आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली बुडाल्या. शहराची पुराविषयीची समजही त्याच तारखेपाशी थांबली.

२/ पानशेतने एक सोयीचा समज मागे ठेवला : पूर म्हणजे अपघात, धरण शाबूत, तर नदी निरुपद्रवी. बावडेकर आयोग आणि नंतरचा नाईक आयोग यांच्यापुढे मुख्य प्रश्न होता तो धरण का फुटले हाच. नदीच्या किती जवळ माणसाने घर बांधावे, हा प्रश्न मागे पडला.

३/ वास्तविक त्याचे उत्तर त्या पिढीने कृतीतून दिले होते. पूरग्रस्तांच्या वसाहती गोखलेनगर, सहकारनगर अशा नदीपासून दूरच्या भागांत वसवल्या गेल्या. पुढील दशकांत शहर नेमके उलट चालत गेले. पात्रात रस्ता आला, सिंहगड रस्त्यालगत मुठेच्या काठी सोसायट्या उभ्या राहिल्या.

४/ १९८९ मध्ये राज्याच्या पाटबंधारे विभागाने परिपत्रक काढून पूररेषांचे निकष ठरवले. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. निळ्या आणि लाल रेषांच्या दरम्यान ते सशर्त.

५/ ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मोठी दिशाभूल केली आहे. पूर एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का, एवढेच. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात लाल रेषेवरच्या घराला हा पूर गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आणि निळ्या रेषेवरच्या घराला तिथला पूर गाठण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के भरते. कर्ज देताना आणि घेताना हा हिशेब कोण मांडतो?

६/ मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेक विसर्गासाठी आहे, लाल रेषा एक लाख क्युसेकसाठी. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटले असताना एकतानगरीत पाणी घरांत शिरले. ती घरे निळ्या रेषेच्या आत असतील, तर परवानगी देणारे दोषी. बाहेर असतील, तर नकाशा चुकीचा. दोन्हीपैकी काहीही खरे असो, ठपका पावसावर ठेवता येत नाही.

७/ धरणाचा विसर्ग म्हणजे संपूर्ण पूर नव्हे. धरणाखालच्या पाणलोट क्षेत्रातही पाऊस पडतो, ओढे नदीला मिळतात, आणि भरावाने आक्रसलेले पात्र तेवढ्याच पाण्याला अधिक उंची देते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर परिसर उद्ध्वस्त केला, तो कोणतेही धरण न फुटता. याच ओढ्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीपाशी अडवून तळे केले गेले आणि त्याचा प्रवाह वळवला गेला. अठराव्या शतकाने ज्याची दखल घेतली, त्या ओढ्याकडे एकविसावे शतक गटार म्हणून पाहते.

८/ केंद्राने पूरमैदान क्षेत्रनियमनाचा आदर्श कायदा १९७५ मध्येच राज्यांकडे पाठवला. मणिपूरने १९७८ मध्ये, राजस्थानने १९९० मध्ये कायदा केला. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसूनही महाराष्ट्राने तो केला नाही. येथे नदीचे रक्षण परिपत्रकांवर सोपवले आहे.

९/ रेषा नव्याने आखल्या तर घरांच्या किमती कोसळतील, सामान्य माणूस भरडला जाईल, असा आक्षेप घेतला जातो. त्यातली चिंता खरी आहे, निष्कर्ष खोटा. नकाशावर रेषा नसली म्हणून पाणी थांबत नाही. फक्त ते येणार हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. आज राहणाऱ्यांना संरक्षण आणि न्याय्य पुनर्वसन मिळालेच पाहिजे. पण त्यांची ढाल पुढे करून उद्याच्या इमारतींना मोकळीक मागणे ही करुणा नव्हे, व्यापार आहे.

१०/ म्हणून मागणी स्पष्ट हवी. नद्यांबरोबर ओढ्यांचेही नव्याने सर्वेक्षण. धरणाखालचा पाऊस आणि आजचे आक्रसलेले पात्र धरून आखलेल्या रेषा. ठरावीक वर्षांनी त्यांचे सक्तीचे पुनरावलोकन. प्रत्येक खरेदीखतात पूररेषेचा उल्लेख. आणि या सर्वांमागे विधिमंडळाने केलेला कायदा.

११/ पूररेषा हा मुळात इतिहासाचाच दस्तऐवज आहे. मागच्या पुरांच्या नोंदींवरून ती काढली जाते. नव्या नोंदी नाकारणारा इतिहासकार आपल्याला चालत नाही. मग नवे पूर नाकारणारा नकाशा का चालावा?