लेझर ट्रॉलीवर चढण्याआधी अडवा

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, पुणे शहर

महोदय,

बंदीच्या आदेशाबद्दल आपलं अभिनंदन करायचं राहून गेलं होतं, ते आधी उरकतो. मांडवाच्या परवानग्या, वाहतुकीतले बदल, दारूची दुकानं बंद, आणि त्याच ओघात लेझर व बीम लाइटला मनाई. गणेशोत्सवाच्या तयारीतला हा एक नेमाचा कागद झाला आहे. कागदाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की तो निघतो तेव्हा लाइटवाल्याने सुपारी घेऊन, आगाऊ पैसे मोजून, यंत्र ट्रसवर कुठे बसवायचं तेही ठरवलेलं असतं. मग मिरवणुकीत व्हायचं ते होतं.

मी पेठेत चष्म्याचं दुकान चालवतो. चाळिशी लागलेले येतात, काच कितीदा पुसली तरी धूसरच दिसतं म्हणणारे येतात. दुसऱ्यांचा मोतीबिंदू असतो. त्यांना डॉक्टरकडे धाडतो, शस्त्रक्रिया होते, महिना-दीड महिन्याने ते नवा नंबर घेऊन हसत परत येतात. काचबिंदूने गेलेली नजर परत मिळत नाही, पण वेळेत सापडला तर उरलेली थेंबांनी राखता येते. मधुमेहींना मी काउंटरवरून वर्षानुवर्षं एकच सांगत आलो आहे: नंबर तपासून घेतला म्हणजे झालं असं समजू नका, वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून पडदा दाखवा. या सगळ्या दुखण्यांत काहीतरी करता येतं. आता ज्याबद्दल लिहितोय त्यात फारसं काही करता येत नाही.

विसर्जनानंतरच्या आठवड्यात विशीतला एक मुलगा दुकानात आला. ‘नंबर लागलाय का बघा,’ म्हणाला. तक्त्यासमोर बसवून डावा डोळा झाकला. वरचं मोठं अक्षरही त्याला सरळ बघून सांगता येईना. मग त्याने मान तिरकी केली आणि एकेक अक्षर कडेने हुडकायला लागला. सरळ बघितलं की अक्षराच्या जागी राखाडी ठिपका, नजर बाजूला नेली की अक्षर हजर. मी काचा बदलत राहिलो, फरक शून्य. रेटिनाच्या डॉक्टरकडे पाठवला, ओसीटी नावाच्या पडद्याच्या स्कॅनमध्ये बरोबर मध्यावर भाजल्याची खूण निघाली. मंडळाचं नाव विचारलं तर म्हणाला, ‘जाऊ द्या काका, आमचंच मंडळ आहे.’

आपल्याकडे तक्रारी कमी येतात, त्याचं कारण या एका वाक्यात आहे, साहेब.

हे कसं घडतं ते थोडक्यात सांगतो. लहानपणी भिंगाने कागद जाळलेला असतो, तसंच डोळ्यातलं भिंग समोरून आलेला उजेड पडद्यावर एका बिंदूत गोळा करतं. लेझरची शलाका फारशी पसरत नसल्यामुळे तिची तीव्रता तिथे जवळजवळ लाखपट होते. नजर किरणाकडे असेल तर हा बिंदू बरोबर मॅक्युलावर पडतो, म्हणजे ज्या इवल्याशा जागेच्या जोरावर माणूस वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो तिथे. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. १ मिलिवॅटच्या आतल्या लेझरपासून डोळा वाचतो तो त्या पाव सेकंदामुळे. ५ ते ५०० मिलिवॅटची यंत्रं ‘३ बी’ या धोकादायक वर्गात मोडतात, त्यावरची चौथ्या वर्गात. मिरवणुकीतल्या यंत्रांची भाषा वॅटची असते, आणि १ वॅट म्हणजे १००० मिलिवॅट. पापणी मिटेपर्यंत काम झालेलं असतं. पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे मुलगा तसाच नाचत राहतो. मोबाइलने शूटिंग करताना किरण थेट भिंगात गेला की कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कायमची रेघ उमटते, हे आपल्या शिपायांनाही ठाऊक असेल. मोबाइल निदान बदलता येतो.

डॉक्टरांनी हे आपल्याला सांगितलं नाही असं नाही. २०२३ च्या दहीहंडीत लेझरसमोर नाचलेल्या पुण्यातल्याच एका २३ वर्षांच्या तरुणाची सुमारे ७० टक्के दृष्टी गेल्याचं नेत्रतज्ज्ञांनी जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी विसर्जनानंतर नाशिकमध्ये सहा तरुणांच्या पडद्याला इजा झाल्याचं समोर आलं. २०२४ मध्ये कोल्हापूरजवळ उचगावात आगमनाच्या मिरवणुकीत एका तरुणाच्या डोळ्यात रक्तस्राव झाला, आणि त्याच सुमारास तिकडे बंदोबस्तावरच्या एका पोलिसाचा डोळाही दुखावला. पोलिसाचा, साहेब. ही फक्त बाहेर आलेली प्रकरणं. ‘आमचंच मंडळ’ म्हणून गप्प बसलेली यात धरलेली नाहीत.

लेझरविरुद्ध ग्राहक पंचायत उच्च न्यायालयात गेली, तिथे लेझरसाठी वेगळा कायदा नाही हा मुद्दा निघाला. ठीक. पण भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे ना? इतरांची सुरक्षितता धोक्यात येईल असं बेदरकार कृत्य केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २५०० रुपयांपर्यंत दंड. दुखापत झाली तर ६ महिने, ५ हजार. गंभीर दुखापत झाली तर ३ वर्षं, १० हजार. एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तर ती गंभीर दुखापत, हे कलम ११६ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. नुसती आदेशाची अवज्ञा असेल तर कलम २२३ खाली ६ महिने किंवा २५०० रुपये, जिवाला धोका झाला तर १ वर्ष किंवा ५ हजार. आता हे २५०० आणि ५ हजार लाइटवाल्याच्या एका रात्रीच्या भाड्याशेजारी ठेवून बघा. तो दंड बिलात धरून मोकळा होतो. नगण्य रकमेची भीती कोणी कोणाला घालायची?

ही बंदी निघते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, आणि राज्य सरकारने मुदत वाढवली नाही तर त्या कलमाचा आदेश दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. दहीहंडी गेली, गणपती गेले, आदेश संपला. नवरात्र, लग्नाच्या वराती, सगळ्या जयंत्या यांसाठी पुन्हा नवा कागद काढा नाहीतर गप्प बसा. मिरवणुकांचं नियमन करणारे कायमचे नियम करण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ ने आयुक्तांना दिलेला आहे. तो वापरायला मुहूर्त लागतो का? लोहगावला उतरणाऱ्या वैमानिकांचे डोळे दिपतात म्हणून विमानतळाच्या परिसरात लेझरबंदीचा आदेश याच आयुक्तालयाने काढला. फार चांगलं केलंत. लक्ष्मी रस्त्यावरचे डोळे जरा खालच्या उंचीवर असतात, एवढाच काय तो फरक.

उंचीवरून आठवलं. प्रेक्षकांच्या पायाखालच्या जमिनीपासून किमान ३ मीटर वर आणि बाजूने अडीच मीटर दूर शलाका ठेवावी, असा अमेरिकेतला सर्वसाधारण नियम आहे. आमच्या पेठेत ३ मीटरवर काय असतं ते आपण बेलबाग चौकात उभं राहून बघा. पहिल्या मजल्याची गॅलरी असते. गॅलरीत आजी, सून, कडेवर तान्हं पोर, गणपती बघायला आलेले पाहुणे. रस्त्यावरच्याचं निदान डोकं खाली घालून निभावतं, गॅलरीतल्यांच्या तोंडावरच किरण येतो. २००८ मध्ये मॉस्कोजवळच्या एका संगीतमहोत्सवात पाऊस आला म्हणून वर तंबू ताणले, आणि आकाशाकडे सोडायचे किरण आत गर्दीत फिरले. तीसेक जणांची दृष्टी अंशतः गेली. तिथे होता तंबू, आपल्याकडे दोन्ही बाजूंना इमारती आणि वर ताडपत्री. पाऊस तर अनंत चतुर्दशीला ठरलेलाच.

आवाजाला निदान आकडा आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सीओईपीची, म्हणजे पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, मुलं २००१ पासून विसर्जनाला चौकाचौकात मीटर घेऊन उभी असतात, दुसऱ्या दिवशी पेपरात तक्ता येतो आणि सगळ्यांना थोडी तरी लाज वाटते. उजेड कोणी मोजतं? लेझरची ताकद सांगणारा मीटर हातात मावतो. यंत्र नियमानुसार बनवलेलं असेल तर त्यावर पिवळ्या पट्टीत वर्ग आणि मिलिवॅट छापलेले असतात. पट्टीच नसेल तर ते एवढ्यावरच जप्त करण्याजोगं आहे. हे काम विसर्जनाच्या रात्री, तीस-तीस तास चालणाऱ्या मिरवणुकीत, थकलेल्या शिपायाने मंडळाच्या शंभर पोरांशी हुज्जत घालून करायचं नाही. ते गोदामात करायचं, भाद्रपदाच्या आधी. लेझर भाड्याने देणारे शहरात किती आहेत, ते मंडपवाल्यांच्या एका बैठकीत कळेल. त्यांची नोंद करा. मंडळाच्या परवानगीच्या अर्जात लाइटवाल्याचं नाव आणि यंत्राचा वर्ग लिहून घ्या, आणि गुन्हा दाखल करताना अध्यक्षाच्या शेजारी त्याचंही नाव घाला. सजावटीला दुसरे दिवे ढीगभर आहेत, त्यांनी गणपती अंधारात राहत नाही.

काही कार्यकर्ते प्रामाणिकपणे विचारतात, काका, गॉगल देता का? गिऱ्हाईक परत पाठवणं माझ्या जिवावर येतं, पण नेहमीचा गॉगल इथे उपयोगाचा नाही. हिरव्याला एक काच, निळ्याला दुसरी, तांबड्याला तिसरी, आणि यंत्र तिन्ही रंग एकदम सोडतं.

बंदी पहिल्यांदा घातली त्या वर्षापासून आजपर्यंतचे तीन आकडे जाहीर करावेत, एवढी विनंती आहे: किती लेझर यंत्रं जप्त केली, कलम १२५ खाली किती गुन्हे नोंदवले, त्यांतल्या किती जणांना शिक्षा झाली. शून्य असेल तिथे शून्य लिहावं. यंदाच्या परवानग्या सुटायच्या आत हे आकडे आले तर मंडळांनाही वाचता येतील.

आपला,
लक्ष्मी रस्त्याच्या आतल्या बोळातला एक चष्मेवाला