तपासणीचे निकाल दाखवा

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जुलै 2025 मध्ये आठवडाभरात 16 चितळ दगावले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. नमुने प्रयोगशाळांकडे धावले, निदान लाळ्या-खुरकुताचे आले. मेलेल्या जनावरासाठी एवढी पळापळ होते. जिवंत जनावराच्या लेंड्यांत काय सापडले, हे मात्र तिकीट काढून आत जाणाऱ्याला कळत नाही. ते कळलेच पाहिजे.

विषाणू आठवड्यात बळी घेतो, म्हणून त्याची बातमी होते. जंत आतून पोखरत राहतात. रानातले हरीण चरत पुढे सरकते. कुंपणातले त्याच मातीत लेंड्या टाकते आणि तिथलेच गवत खाते. रक्त शोषणाऱ्या हिमाँकस जंताची एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. पावसाळी ओलीत त्यांतल्या अळ्या गवताच्या पात्यांवर चढून बसतात. मग जनावर रोडावते, हिरड्या पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी साठते. वाघ-सिंहांच्या गोल जंतांची अंडी तर मातीत वर्षानुवर्षे टिकतात. पिंजरा रोज धुतला म्हणून ती मरत नाहीत.

आणि ही तपासणी काही कोटींची नाही. लेंडी मिठाच्या दाट पाण्यात कालवायची, गाळायची, नळी काठोकाठ भरून वर काच ठेवायची. हलकी अंडी वर येऊन काचेला चिकटतात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. हे टाळून ठरल्या तारखेला कळपाच्या खाद्यात जंतनाशक मिसळत राहिले, तर दांडगे नर ते फस्त करतात, अशक्त मादी कोरडी राहते आणि कालांतराने जंत औषधाला दाद देत नाहीत.

जपानमधल्या आसाहियामा प्राणिसंग्रहालयात 1994 मध्ये एकायनोकॉकस या फीतकृमीने गोरिला आणि लेमूर गेले. हा कृमी कोल्ह्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी पोटात गेली की इतर प्राण्यांच्या यकृतात गाठी होतात. संग्रहालय ऐन हंगामात बंद करावे लागले, 1996 मध्ये प्रेक्षक 2.6 लाखांपर्यंत घसरले. पुढच्या दहा वर्षांत तेच 30 लाखांवर गेले. रोग उघड झाला की संग्रहालय बुडते, ही सबब आता कोणी सांगू नये.

कात्रज असो, भायखळा असो की नागपूरचे महाराजबाग, प्रत्येक आवाराबाहेर शेवटच्या तपासणीची तारीख, सापडलेले जंत आणि दिलेले औषध लिहिलेला फलक हवा. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मान्यतेच्या नूतनीकरणासाठी ही अट घालावी, आणि पुणे महापालिकेने त्या आदेशाची वाट न पाहता पुढच्या पावसाळ्याआधी कात्रजच्या चितळांच्या कुंपणावर पहिला फलक लावावा.