मोबाइल आला तरी वही राहू द्या

शाळेने कळवलं असेल, यंदापासून गृहपाठ मोबाइलवर येणार. सूचना ग्रुपवर, चाचणी गूगल फॉर्मवर, स्वाध्याय गूगल क्लासरूमवर. घाबरून जाऊ नका. पण सगळंच मोबाइलवर सोपवूनही मोकळे होऊ नका.

आधी घरात फोन किती, ते बघा. एकच असेल आणि तो बाबांबरोबर कामावर जात असेल, तर मुलाला गृहपाठ दिसतो रात्री जेवणं झाल्यावर. तेव्हा ते पेंगत असतं. वर्गशिक्षकांना हे लगेच सांगा. यात कमीपणा काही नाही. गृहपाठ फळ्यावरही लिहून द्या, अशी विनंती करा. वर्गात अशी आणखी घरं असतीलच. सगळ्यांनी मिळून सांगितलं, तर बाईंनाही मुख्याध्यापकांकडे विषय काढणं सोपं जातं.

पाठ्यपुस्तकासाठी पैसे भरून कुठलं ॲप घेऊ नका. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. वायफाय असेल तिथे एकदाच उतरवून ठेवा. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला, की धड्याशी निगडित व्हिडिओ मिळतात. ते मुलाबरोबर बसून बघा. हृदयाचे ठोके कसे पडतात, ग्रहण कसं लागतं, हे कागदापेक्षा तिथे नक्कीच चांगलं कळतं.

लिहिण्याचं मात्र तसं नाही. दहावीचा बोर्डाचा पेपर आजही हातानेच लिहावा लागतो. मराठीचा पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. वर्षानुवर्षं नुसते पर्याय निवडत आलेल्या मुलाचा हात तिथे तासाभरात भरून येतो. येत असलेलं उत्तरही अर्धवट राहतं. गणिताचंही तेच. फॉर्मवर उत्तर चूक की बरोबर एवढंच दिसतं. हातचा कुठे राहिला, चिन्ह कुठे बदललं, ते वहीतच सापडतं.

म्हणून गृहपाठ मोबाइलवर आला तरी आधी वहीत लिहायला लावा. मगच फोटो पाठवा. पानांना क्रमांक घाला, फोटो उजेडात काढा. आणि अधूनमधून वही प्रत्यक्ष तपासा, असं बाईंना आवर्जून सांगा. स्वीडनच्या शाळांत संगणक कधीच पोचले होते. तिथल्या सरकारनेही २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी वेगळा पैसा दिला. आपण वही मागितली, तर त्यात मागासलेपण कसलं?

मुलाच्या आधार कार्डाचा फोटो ग्रुपवर कधीही टाकू नका. लागलाच तर शाळेच्या कार्यालयात नेऊन द्या. ग्रुपवर आलेल्या अनोळखी लिंकमध्ये मुलाचं नाव, जन्मतारीख भरू नका. आधी शाळेत फोन करून खात्री करा. ओटीपी कुणालाच सांगू नका.

गूगल क्लासरूमचं खातं मुलाच्या नावाचं असलं, तरी पासवर्ड तुम्हालाही ठाऊक हवा. तो घरच्या डायरीत लिहून ठेवा. फोन बिघडला, तर ऐन चाचणीच्या सकाळी शोधाशोध होणार नाही.