लोटा आणि मुद्रा

लोटा घरोघरी असतो. परंतु त्याचे रूप कौतुकाने न्याहाळणारे थोडेच. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन कलावंत दांपत्याने मात्र ते न्याहाळले. १९५८ साली सादर केलेल्या अहवालात त्यांनी या देशात पाहिलेल्या वस्तूंमध्ये लोट्यालाच अग्रस्थान दिले. भरलेला लोटा पेलता कसा येईल, पाणी ओतताना तोल कसा राहील, तो आतून घासता कसा येईल, अशा प्रश्नांतून त्याचा आकार सिद्ध झाला. आणि तोही पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातून, असे त्यांचे म्हणणे होते.

या अहवालाला अनुसरून १९६१ साली सरकारने अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन केली. उपयोगाचा आधी विचार करून वस्तूचे रूप ठरविणे, यालाच डिझाइन म्हणावयाचे. पुढे येथील मंडळींनी रेखाटलेल्या मुद्रा देशभर झळकू लागल्या. १९७१ साली शेखर कामत यांनी भारतीय स्टेट बँकेसाठी निळे वर्तुळ काढले. त्याच्या मध्यभागी पांढरा ठिपका आणि तेथून खाली उतरणारी एक फट. पाहणाऱ्यास कुलपाच्या छिद्राची आठवण व्हावी. दूरदर्शनची डोळ्यासारखी दिसणारी मुद्रा तर देवाशिस भट्टाचार्य या तेथील विद्यार्थ्याने काढली. राष्ट्राची ओळख ठरणारे काम विद्यार्थ्यावर सोपविण्याचे हे धैर्य खरोखर वाखाणण्याजोगे होय.

गरीब देशाने असल्या चित्रांवर पैसा का खर्चावा, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी १९७१ ची जनगणना आठवावी. तेव्हा शंभरांतील सुमारे चौतीस जणांनाच लिहिता-वाचता येत होते. शिवाय एकाच देशात पाटी कोठे तमिळ, कोठे बंगाली, कोठे मराठी! ज्याला कोणतीच लिपी येत नाही, त्याने बँक ओळखावी कशी? निळे वर्तुळ त्याला रस्त्याच्या पलीकडूनही दिसते. श्रीमंत व शिकलेल्या माणसाचे मुद्रेवाचून अडत नाही; तिची खरी गरज असते ती निरक्षराला.

एक गोष्ट मात्र खटकते. लोट्याचा धडा पाटीपर्यंत पोहोचला, तो कचेऱ्यांतील अर्जांपर्यंत पोहोचला नाही. बारीक अक्षरे, अपुऱ्या चौकटी आणि बोजड भाषा! मुद्रा ओळखून निर्धास्तपणे आत शिरलेली एखादी आजीबाई पुढच्याच क्षणी अर्ज हाती घेऊन कोणा लिहित्या माणसाचा शोध करीत उभी राहते.