धक्का मारणाऱ्यांनो, थांबा!

आपल्या देशात बंद पडलेल्या गाडीवर एकच औषध सर्वमान्य आहे: धक्का. गाडी रस्त्याच्या कडेला उभी दिसली की जाणारा-येणारा बाह्या सरसावून मागे जाऊन उभा राहतो. गाडीला झालंय काय, हे विचारण्याची पद्धत नाही. या माणसाशी माझं वैर आहे. तो प्रेमळ असतो, फुकट राबतो, घामाघूम होतो आणि वर चहालाही नको म्हणतो. अशा माणसाशी वैर धरणं फार कठीण. तरी मी ते आज जाहीरपणे धरतो आहे.

१९९२ सालचा मे महिना. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. ऊन मात्र तेव्हाही स्वतंत्र जिल्ह्याला शोभेल असंच होतं. नुकतीच घेतलेली जुनी प्रीमियर पद्मिनी काढून आम्ही सहकुटुंब औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. दर्शन घेऊन अर्ध्या तासाने परत आलो, किल्ली फिरवली. सेल्फ झकास फिरला. इंजिन काही लागेना. संत नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, अशी आख्यायिका आहे. माझं इंजिनही फिरतच होतं. फरक इतकाच, की देऊळ फिरल्यावर पुढे कीर्तन झालं.

पाच मिनिटांत तज्ज्ञमंडळ जमलं. "बॅटरी बसली, सायेब," रसवंतीवाले म्हणाले. अहो, बॅटरी बसली असती तर सेल्फ एवढा जोरात फिरला कसा असता? पण हे त्या वेळी मलाही सुचलं नाही. दुसऱ्याने कार्ब्युरेटरात कचरा सांगितला, तिसऱ्याने कॉइल बदलायला लावली, चौथ्याने नजर लागल्याचं निदान करून लिंबू आणायला पोरगा पिटाळला. शेवटी सर्वानुमते धक्का. मग उलट्या दिशेने धक्का. मधल्या वेळात मीही बॉनेट उघडून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने कार्ब्युरेटरवर तीनदा टकटक केलं. आणि वीसेक मिनिटांनी गाडी लागली!

लागली ती कुणामुळे? धक्केवाले म्हणाले, आमच्यामुळे. लिंबूवाला काही बोलला नाही, नुसता हसला. मला मात्र पक्कं ठाऊक होतं, की ही माझ्या टकटकीची करामत. पुढली तीन वर्षं ही विद्या मी हिंगोलीभर फुकट वाटली.

१९९५ च्या एप्रिलात सासूबाईंच्या छातीत दुखू लागलं. नांदेडला न्यायचं ठरलं. भर दुपारी निघालो. वाटेत आखाडा बाळापूरला औषधासाठी दहा मिनिटं थांबलो आणि गाडीने तोच खेळ मांडला. मी टकटक केलं. पुन्हा केलं. धक्केवाले धावून आले. पाऊण तास गेला. मागच्या सीटवर सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि माझ्या हातात तो मूर्ख स्क्रू-ड्रायव्हर.

तेवढ्यात गॅरेजातलं एक सोळा-सतरा वर्षांचं पोरगं आलं. त्याने गाडीला हातही लावला नाही. आधी विचारलं, "काका, सेल्फ फिरतोय ना? मग ढकलता कशाला? धक्क्यानं तरी इंजिन फिरतंच की!" मग एक प्लग काढला. कोरडा ठणठणीत. तोच प्लग वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि सेल्फ मारायला सांगितलं. टिचक टिचक निळी ठिणगी पडली. "करंट आहे." कार्ब्युरेटरची नळी काढून बाटलीत सोडली, पुन्हा सेल्फ. पेट्रोलचा थेंब नाही, नुसता फुसका वारा. "पेट्रोल उकळलंय, काका. पंपावर ओलं फडकं टाका अन् दहा मिनिटं गप बसा."

एवढंच! पेट्रोलचा हलका भाग चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतो. पद्मिनीचा पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटलेला. चालत्या गाडीला निदान वारा तरी लागतो. उभी केली की बॉनेटखाली भट्टी. नळीत वाफ धरते, आणि पंपाला पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. औंढ्यालाही हेच झालं होतं. आम्ही भांडत होतो तेवढ्यात गाडी आपली आपण थंड झाली, आणि श्रेय घेऊन आम्ही सगळे घरी गेलो.

दहा मिनिटांनी गाडी लागली. सासूबाई वाचल्या. बऱ्या झाल्यावर एकच म्हणाल्या, "त्या पोराला आधी का नाही बोलावलंत?" त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

कुणी म्हणेल, आता पद्मिनी आहेत कुठे? मुंबईच्या टॅक्सीतूनसुद्धा ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. खरं आहे. पण जुन्या गाड्या अजून अंगणात आहेत आणि धक्केवाले तर सगळीकडेच आहेत. हल्ली त्यांना नवा आरोपी सापडलाय: इथेनॉल. २०२५ पासून पेट्रोलमध्ये ते वीस टक्के असतं. जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, हे खरंच. नळ्या जरूर तपासा. पण 'तपासा' म्हणतोय मी! प्लग ओला की कोरडा, एवढं न बघता फाशी देऊ नका.

माझं मागणं थोडकं आहे. सेल्फ नुसता टकटक करून थांबला, तर मला हाक मारा. मीही धक्का मारायला येईन. पण सेल्फ नीट फिरत असेल, तर आधी दोनच गोष्टी बघा: करंट आहे का, पेट्रोल येतंय का. आणि यातलं काहीच बघायचं नसेल, तर निदान रसवंतीतून थोडं पाणी आणा. फडकं माझ्याकडे आहे.