तिसऱ्या पिनची किंमत

पेण-रोह्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे संगणक दुरुस्त करणारा जुना तंत्रज्ञ घरी आला, की बिघडलेल्या यंत्राकडे नंतर वळतो. आधी टेबलामागे वाकून प्लग पाहतो. तिथे अनेकदा एकच दृश्य असते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कसाबसा खोचलेला, नाहीतर वरची जाड पिन कापूनच टाकलेली. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रारही अशाच घरांतली. ‘थोडा करंट मारतो, पण चालतोय,’ म्हणून ती सोडून दिली जाते.

हा करंट येतो कुठून? संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून धातूच्या कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारी वीज निमूट जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटवर २३० व्होल्टच्या निम्मा, म्हणजे ११५ च्या आसपास दाब उभा राहतो. प्रवाह सहसा एक मिलिअँपिअरहून कमी, त्यामुळे नुसत्या मुंग्या येतात आणि टेस्टर लुकलुकतो. पण आतले इन्सुलेशन एखाद्या दिवशी फाटले, तर त्याच कॅबिनेटवर पूर्ण दाब येतो आणि जमिनीत जायची वाट ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसातून निघते. पेणच्या गणपती कारखान्यांत ऐन पावसाळ्यात मातीचे हात, ओली जमीन आणि बिले करणारा संगणक शेजारीशेजारी असतात, हे इथे आठवलेले बरे.

भिंतीतल्या सॉकेटला तीन भोके आहेत, एवढ्याने भागत नाही. तिसऱ्या भोकामागे तार जोडलेलीच नाही, अशी जुनी घरे कमी नाहीत. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गळती त्या मर्यादेपलीकडे गेली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. दुकानात मात्र गिऱ्हाईक रंगीत दिव्यांच्या कीबोर्डपाशी थांबते. अर्थिंग कोणाला दाखवता येत नाही, हीच त्याची अडचण!

स्पाइक गार्डबद्दलही असाच गैरसमज आहे. विजेचा झटका झेलणारा त्यातला घटक प्रत्येक झटक्यागणिक थोडा झिजतो. तो संपला तरी बाहेरचा दिवा जळत राहू शकतो. अर्थिंग नसेल तर महागडा गार्डही अर्धेच काम करतो, आणि साधा एक्स्टेन्शन बोर्ड म्हणजे गार्ड नव्हे. ऑक्टोबरात ढग गडगडू लागले की प्लग काढावा, सोबत इंटरनेटची तांब्याची केबलही. यूपीएसकडून इन्व्हर्टरची अपेक्षा नको. काम साठवून यंत्र नीट बंद करायला लागणारी दहा-पंधरा मिनिटे, एवढेच त्याचे काम. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात कित्येक गावे दिवसच्या दिवस अंधारात होती. तिथे कुठलाच घरगुती यूपीएस पुरला नसता. अशा वेळी कामाला येते ती वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवलेली प्रत.

शरीरासाठीच्या खरेदीतही निवड अशीच चुकते. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर पैसे जातात. २०२३ मध्ये कॉक्रेनने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा साध्या काचांच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांचा ताण अल्पकाळात कमी होत असल्याचे दिसले नाही. पडद्याकडे टक लावल्यावर पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. त्यावर चष्मा काय करणार? दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब पाहणे फुकट आहे. लॅपटॉपवर मान मोडून अभ्यास करणाऱ्या मुलाला वेगळा साधा कीबोर्ड आणि माऊस घेऊन द्यावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येण्यासाठी स्टँडच हवा असेही नाही, जुन्या पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा चालतो. फक्त लॅपटॉपची हवा जायची फट त्याखाली झाकली जाऊ देऊ नये.